पॅडांच्या नावांची गोष्ट

तू विचारलंस ना, 'व्हिस्पर' म्हणजे कुजबुज, मग पॅडला असलं नाव कशाला? बस अशी जवळ, सांगते. आणि चांगलं मोठ्याने सांगते, बाबा बाहेर बसले असले तरी.

हे पॅड प्रॉक्टर अँड गॅम्बलचे. अमेरिकेत ही कंपनी ते १९८३ पासून 'ऑल्वेज' म्हणून विकते. तिकडे 'नेहमी' आणि आपल्या वाट्याला कुजबुज! मला हे नाव मुळीच आवडत नाही. पण त्या एकट्याला काय बोलायचं? बाईला दुकानात फार काही बोलावं लागू नये, याची काळजी आधीपासूनच घेतली जात होती.

कोटेक्सचंच बघ. पहिल्या महायुद्धात किम्बर्ली-क्लार्क कंपनी लाकडाच्या लगद्यापासून सेल्युकॉटन बनवायची, सैनिकांच्या जखमांवर बांधायला. कापसापेक्षा ते स्वस्त आणि जास्त शोषणारं. रेडक्रॉसच्या परिचारिकांनी ते पाळीत वापरून पाहिलं. युद्ध संपल्यावर कंपनीने त्याचेच पॅड केले आणि १९२० साली बाजारात आणले. कॉटनसारखं टेक्स्चर, म्हणून 'कॉट-टेक्स', त्याचं झालं कोटेक्स. पाळीचा त्यात मागमूस नाही. ज्या परिचारिकांच्या अनुभवातून हे सुचलं, त्यांचाही नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

एवढं करूनही बायका मागायला लाजत. मग दुकानदारांनी खोकी समोर मांडून शेजारी पैसे टाकायला डबा ठेवावा, असं कंपनीने सुचवलं. १९२८ मध्ये मोडेस पॅडच्या जाहिरातीत तर कुपनच छापलं होतं. कापून न्यायचं, मुकाट्याने विक्रेत्याच्या हातात द्यायचं. आज मेडिकलवाला न सांगता कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालतो, ते याच जातीचं. तू नको म्हण त्या पिशवीला. सरळ 'पॅड द्या' म्हण, मोठा की साधा तेही सांग.

पाळीत आत ठेवायच्या बोळ्यांच्या नावांचंही तसंच. टॅम्पॅक्स या नावात 'टॅम्पॉन' आहे, म्हणजे फ्रेंचमधला बोळा, आणि त्याला जोडलेला 'पॅक'. जर्मनीतलं 'ओ. बी.' म्हणजे 'ओने बिंडे', पॅडशिवाय. तिथेही दोन अक्षरांत काम भागलं.

मला खरी भीती वाटते ती गोड नावांची. अमेरिकेत 'रिलाय' नावाचा टॅम्पॉन निघाला होता. रिलाय म्हणजे भरवसा ठेव. खूप शोषून घेतो, ही त्याची मोठी जाहिरात. पण टॉक्सिक शॉक सिंड्रोम या जिवावरच्या आजाराशी त्याचा संबंध दिसून आला आणि सप्टेंबर १९८० मध्ये कंपनीला तो बाजारातून काढून घ्यावा लागला. म्हणून पाकिटाच्या पुढचं नाव राहू दे, मागचं बारीक अक्षर वाच.

पॅड चार-सहा तासांनी बदलायचाच, कोरडा वाटला तरी. कपडा वापरलास तर साबणाने धुऊन उन्हात, उघड्यावर वाळव. साडीखाली लपवून दमट ठेवू नकोस, कुणी काहीही म्हणो. टॅम्पॉन आठ तासांच्या वर कधीच ठेवायचा नाही. तो असताना अचानक ताप चढला, उलट्या झाल्या, अंगावर लाल पुरळ उठलं, तर लगेच काढायचा आणि मला उठवायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तडक दवाखान्यात जाऊ, आणि डॉक्टरांना टॅम्पॉन होता हे आधी सांगू.