खेळांसाठी संगणक जुळवताना

तुमच्यापैकी जे उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरला राहतात, त्यांना लोकलगाडीची एक अडचण पाठ असेल. मुंबईहून कल्याणपर्यंत गाड्यांना निदान चार रूळमार्ग मिळतात. कल्याणच्या पुढे बदलापूरकडे मात्र वर्षानुवर्षे दोनच मार्ग राहिले, आणि लोकल, मेल, मालगाडी अशा साऱ्यांनी त्यांवरूनच जायचे. मग ठाण्याच्या अलीकडे कितीही नवे मार्ग टाका. बदलापूरला तासाला किती गाड्या पोहोचणार, हे त्या दोन मार्गांवरच ठरते. थोड्या पैशांत खेळांसाठी पहिला संगणक जुळवायचा असेल, तर हे उदाहरण मनात असू द्या.

कसे ते पाहू. पडद्यावर गाडी धावताना दिसते ती खरे तर स्थिर चित्रांची मालिका असते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार झाले पाहिजे. या कामात दोन गडी असतात. गाडी कोठे आहे, ती भिंतीवर आदळली का, हे प्रोसेसर ठरवतो. त्यावरून पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग काढणे हे ग्राफिक्स कार्डाचे काम. कार्ड एक चित्र रंगवत असते, तेव्हा प्रोसेसर पुढच्या चित्राच्या तयारीला लागलेला असतो.

आता समजा, एका चित्रासाठी प्रोसेसरला ८ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला २५. मग सेकंदाला चित्रे किती? १००० भागिले २५, म्हणजे ४०. तुम्ही घरून आणखी पैसे मागून दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणलात. त्याचे काम ४ मिलिसेकंदांत होऊ लागले. आता चित्रे किती? चाळीसच! घरचे पैसे गेले आणि पडद्यावर काहीच बदलले नाही.

म्हणून खरेदीचा विचार प्रोसेसरपासून नव्हे, तर मॉनिटरपासून सुरू करावा. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. २५६० × १४४० च्या पडद्यावर ३६,८६,४००, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडे अधिकच. कार्डाचे काम जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते, प्रोसेसरचे फारसे वाढत नाही. पहिल्या संगणकाला लहान पडदा पुरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो ठरला की उरलेल्या रकमेचा सर्वांत मोठा वाटा कार्डाला द्यावा आणि प्रोसेसर मध्यम प्रतीचा घ्यावा. रंगीत दिवे लावलेल्या काचेच्या पेटीने एकही चित्र वाढत नाही. त्यापेक्षा जाळीदार पेटी बरी. बदलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि फार तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो.

कार्डापुरते पैसेच नसतील तर? मग चित्रे रंगवणारा भाग ज्याच्या पोटातच आहे असा प्रोसेसर घ्यावा. २०२१ साली आलेला एएमडीचा रायझेन ५ ५६००जी हा त्यांपैकी एक. त्याला चित्रांसाठी रॅमवरच अवलंबून राहावे लागते. डीडीआर४-३२०० जातीची एक पट्टी सेकंदाला ३२० कोटी वेळा ८-८ बाइट देऊ शकते, म्हणजे २५.६ अब्ज बाइट. अशा दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की वाट दुप्पट रुंद होते. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्या. मात्र मदरबोर्ड पाहून घ्या: एएम४ बैठकीच्या बोर्डाला डीडीआर४ लागते, २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला डीडीआर५. दोन्हींच्या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. जोर लावू नये.

आता पॉवर सप्लाय. बाजार उल्हासनगरचा असो की ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडचा, खोक्यावरील मोठ्या आकड्यावर जाऊ नका. अंगावरचे लेबल वाचा. कार्ड आणि प्रोसेसर आपली बहुतेक वीज १२ व्होल्टच्या ओळीवरून घेतात. एखाद्या खोक्यावर ४५० वॅट छापलेले असते आणि लेबलावर १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर. गुणाकार करा: २१६ वॅट! तुमचे कार्ड १३० वॅटचे असेल आणि प्रोसेसर भरात ९० वॅट घेत असेल, तर २२० झालेच. शिवाय कार्ड क्षणभर त्याहून जास्तही ओढते. तेथे ३६ अँपिअर लिहिलेले असेल तर ४३२ वॅट मिळतात, आणि ते निर्धास्त पुरतात. कमी प्रतीचा पॉवर सप्लाय जळताना बोर्ड आणि कार्ड यांनाही बरोबर नेऊ शकतो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते-येते, तेव्हा हा धोका वाढतो. येथे पैसे वाचवू नयेत. आणि त्याचे झाकण कधीही उघडू नका. वीज बंद केल्यावरही आतील धारित्रांत घातक विद्युत्‌भार शिल्लक राहतो.

वर्षा-दोन वर्षांनी खेळ अडखळू लागला, तर बाजारात जाण्यापूर्वी एक प्रयोग करा. खेळातील ठिपक्यांची संख्या १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणा आणि सेकंदाला किती चित्रे पडतात ते पाहा. चित्रे बरीच वाढली, तर अडवणूक कार्डाची आहे. जवळपास तेवढीच राहिली, तर बहुधा प्रोसेसरची. मग नवे कार्ड आणून उपयोग नाही.