वर्षाने आलेल्याची नजर

भाऊबीज ते तुळशीचं लग्न या दिवसांत माझ्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी असते. बाकावर आई किंवा वडील, शेजारी पुण्याहून, बंगळूरहून, कधी दुबईहून दिवाळीला आलेला मुलगा किंवा मुलगी. परतीची गाडी त्याच संध्याकाळची. खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य बहुतेक तेच, "डॉक्टर, आई केवढी वाळलीय हो! आम्हाला कुणी बोललंच नाही." सोबत आलेली सून किंवा धाकटा भाऊ खाली मान घालतो. तो रोज आईला पाहतो आणि त्याला ती वाळलेली दिसलेलीच नसते.

दोघंही खरं बोलत असतात. तिन्हीसांजेला घरात बसलेल्या माणसाला अंधार कधी पडला ते कळत नाही. बाहेरून आलेला माणूस उंबऱ्यातूनच विचारतो, "अहो, दिवा का नाही लावला?" तब्येतीचं असंच असतं. महिन्याला पावशेर वजन उतरलं तर रोजच्या माणसाच्या ते लक्षात येत नाही, वर्षाने आलेल्याला तीन किलोंचा फरक एकदम दिसतो. उलट आई रात्री किती वेळा उठते, कोणती गोळी चुकवते, जेवताना काय टाकते, हे वर्षाने येणाऱ्याला ठाऊक नसतं. ते फक्त घरातल्याला माहीत असतं. मला निदानासाठी दोघांचीही माहिती लागते आणि दवाखान्यात ती बहुधा भांडणाच्या रूपाने येते.

म्हणून यंदा एक करा. व्यापारी लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजतो. तुम्हीही एक साधी शंभर पानी वही आणा आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावाला चार-चार पानं द्या. पाडव्याच्या दुपारी फराळाची ताटं उचलली की तासभर सगळे एकत्र बसा आणि सरत्या वर्षाचा हिशेब मांडा. भाऊबीजेवर ढकलू नका, त्या दिवशी निम्मं लक्ष बॅगा भरण्यात असतं.

पहिल्या दिवशी दिसलं ते आधी लिहा

बाहेरगावाहून आलेल्याची ताजी नजर फार टिकत नाही. दोन दिवसांत तीही सरावते. म्हणून घरात पाऊल ठेवल्यावर जे खटकलं ते त्याच रात्री लिहून ठेवा. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात का? वडिलांच्या पट्ट्याला नवं भोक पाडलंय का? खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा रेटा लागतो का, चालताना भिंतीचा आधार घेतला जातो का? टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जातो का?

वजनाचा हिशेब सोपा आहे. कसलाही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलोंहून जास्त, तर तपासणी हवीच. वाढलेली साखर, थायरॉईड, क्षयरोग, कर्करोग ही कारणं असू शकतात. पण सैल झालेली कवळी, एकट्याने जेवायचा कंटाळा किंवा उदास मन यांनीही वजन उतरतं. सोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

विसरभोळेपणा कसा ओळखायचा, असं बरेच जण विचारतात. फराळाकडे बघा. जिने चाळीस वर्षं चकलीची भाजणी अंदाजाने केली, तिला यंदा प्रमाण आठवेना, मोहन घातलं की नाही हे तीनदा विचारावं लागलं, तर नोंद करा. चष्मा कुठे ठेवला हे आपण सगळेच विसरतो. हातात मुरलेलं काम अडायला लागणं ही वेगळी गोष्ट आहे. घाबरून लगेच मोठ्या आजाराचं नाव घेऊ नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, ऐकू कमी येणं, झोपेच्या गोळ्या, नैराश्य यांनीही असं होतं आणि त्यांवर उपाय आहेत. "वय झालं आता" एवढ्यावर मात्र सोडून देऊ नका.

औषधांची पिशवी वर्तमानपत्रावर ओता

कपाटातल्या, उशीखालच्या, देवघराशेजारच्या डब्यातल्या सगळ्या गोळ्या एकत्र करा. पाकिटावर एक नाव कंपनीने दिलेलं असतं, दुसरं औषधाचं खरं नाव असतं. वहीत हे खरं नाव लिहा. असं केलं की काही गोष्टी हमखास उघड होतात. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी एकच औषध दिलेलं असतं आणि घरातलं माणूस इमानेइतबारे दोन्ही घेत असतं. "प्रेशर नॉर्मल आलं" म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद झालेली असते, खरं तर ते नॉर्मल आलं त्या गोळीमुळेच. आणि गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर रक्तदाब वाढू शकतो, पोटात अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो.

कुणीतरी दिलेल्या, नाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्या दिसल्या तर त्या सोबत घेऊन या. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉईड मिसळलेलं असतं. ते चुकीचं असलं तरी एकदम थांबवणंही धोक्याचं असतं. त्यामुळे मुदत संपलेल्या गोळ्या बाजूला काढा, बाकी काही तुमच्या मनाने बंद करू नका. यादी करा आणि दाखवा.

पट्टा सगळ्यांच्या दंडाला बांधा

घरात रक्तदाबाचं यंत्र असेल तर त्याला या तासात काम द्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटं शांत बसा. हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर टेकलेला, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना गप्पा नकोत. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. घरी वारंवार १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आई-वडिलांचं मोजून झालं की यंत्र पेटीत ठेवू नका. ज्याने ते ऑनलाइन मागवलं त्याच्याही दंडाला पट्टा बांधा. पालकांना घेऊन आलेल्या चाळिशीतल्या मुलांचाही रक्तदाब मी सवयीने मोजतो. अनेकदा घरातला सगळ्यात मोठा आकडा त्यांचाच निघतो आणि वडिलांना मिठाचं प्रमाण सांगणारे चिरंजीव एकदम गप्प होतात. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. मोजल्याशिवाय तो कळत नाही.

शिंप्याचा टेप असेल तर बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेरही मोजा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. वजनकाट्यावर "ठीक" असलेल्यांनाही हे लागू आहे.

साखरेच्या तपासणीबद्दल दरवर्षी ऐकतो, "दिवाळी होऊ द्या, मग करू." एचबीए१सी ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. चार दिवसांच्या करंज्यांनी ती फारशी बिघडत नाही आणि चार दिवसांच्या कडक पथ्याने सुधारतही नाही. ६.५ टक्के किंवा अधिक म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, पाय, लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन तपासलं का, हेही वहीत बघा. चारपैकी एखादी तरी तारीख बहुधा कोरी सापडते.

आत्याला विचारा

घरात जुने अल्बम निघतात तेव्हा घराण्याचा वैद्यकीय इतिहास समोर येत असतो. आजोबा "झोपेतच गेले" म्हणजे कितव्या वर्षी? काकांना "हार्टफेल" झालं तेव्हा ते किती वर्षांचे होते? वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर पुढच्या पिढीने कोलेस्टेरॉल, साखर, रक्तदाब लवकर तपासायला सुरुवात करावी. स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग कुणाला झाला होता, गरोदरपणात कुणाची साखर वाढली होती, हेही विचारा. गरोदरपणी साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो आणि बाळंतपण झालं की ती गोष्ट बहुतेक घरांत विसरली जाते. अशा गोष्टी कागदावर नसतात, त्या आत्याला ठाऊक असतात. आत्या आहे तोवर लिहून घ्या.

ज्या घरी यंदा फराळ तळला नाही

काही घरांत वर्षभरात माणूस गेलेलं असतं. तिथे यंदा कढई चढत नाही, शेजारीपाजारी आणि नातेवाईक डबे आणून देतात. या चालीत मला मोठं शहाणपण दिसतं. दुःखातल्या माणसाला जेवू घालायचं, त्याच्याकडे जायचं आणि सण करायची सक्ती मात्र करायची नाही.

पण डबा देऊन उंबऱ्यातूनच परत फिरू नका. थोडं बसा आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्या. आपण नाव काढलं तर त्यांना त्रास होईल म्हणून सगळे टाळतात आणि नेमकं त्यानेच घर जास्त मुकं होतं. रडू येणं, मध्येच हसू येणं, एखाद्या दिवशी जेवण न जाणं हा आजार नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक गेलेली असेल, कशातच मन लागत नसेल, अंघोळ-कपडे यांचंही भान सुटत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. "आता जगून काय करू" हे वाक्य वयस्कर माणसाच्या तोंडून आलं तरी सवयीचं म्हणून सोडू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

मनाचा हिशेब आणखी एका व्यक्तीचा राहतो. जी वर्षभर घरी राहून सगळ्यांचं करते, ती. सून असो, मुलगी असो किंवा म्हाताऱ्या नवऱ्याचं करणारी म्हातारी बायको असो. वहीत तिचं पान सगळ्यात कोरं असतं. तिला विचारा, तुझी झोप होते का? पाठ दुखते का? शेवटचं हिमोग्लोबिन कधी केलं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. जिन्याने धाप लागते त्याला ती "दगदग" म्हणते, ते कदाचित कमी झालेलं रक्त असेल.

दूर राहणाऱ्याने इथे दोष काढण्याऐवजी एखादं काम उचलावं. औषधं संपायच्या आठ दिवस आधी मागवणं, रविवारच्या व्हिडिओ कॉलवर रक्तदाबाचे आकडे लिहून घेणं, रिपोर्टांचे फोटो तारखेप्रमाणे लावून ठेवणं, हे सगळं दुबईत बसूनही होतं.

वहीसाठी थांबू नका, अशा वेळी

फराळाच्या दिवसांत छातीत दुखलं की "ॲसिडिटी झाली" म्हणून सोडा पिणारे पुष्कळ असतात. छातीत दाब, सोबत घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर वेळ घालवू नका. मधुमेह्यांत आणि वृद्धांत नुसती धाप किंवा घामही पुरेशी खूण असते. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं ही पक्षाघाताची लक्षणं आहेत. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून "जरा पडून बघ" म्हणू नका. दोन्ही वेळा १०८ ला फोन करा.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी औषध घेऊन अभ्यंगस्नान आणि देवदर्शन होईपर्यंत उपाशी राहू नये. हात थरथरले, घाम फुटला, माणूस गोंधळला तर साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

बाकी सगळ्यासाठी वही घेऊन दवाखान्यात या. शक्यतो गाडी सुटायच्या दिवशी नको, एखाद-दोन दिवस आधी या, म्हणजे रिपोर्ट तुम्ही असतानाच हाती येतील. आणि आत आल्यावर बोलायला घरी राहणाऱ्याला आधी सुरुवात करू द्या.