रुंदी आणि पन्हा

एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतचे आडवे माप म्हणजे रुंदी, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. व्यवहारात मात्र हे माप वस्तूगणिक नाव पालटते. नदीचा तो पाट आणि कापडाचा पन्हा. कापडाच्या दुकानात 'रुंदी किती?' असे सहसा कोणी विचारीत नाही, 'पन्हा केवढा?' असेच विचारतात. शब्द मूळ फारसीतला, पण आता पुरता घरचा झालेला.

वर्ध्यालगतच्या नालवाडीत या शब्दाला विशेष अर्थ आहे. विनोबा भावे यांचे येथे वास्तव्य होते आणि १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामसेवा मंडळाच्या कार्यात सूतकताई व खादी यांना मोठे स्थान होते. लांबी ही विणकराच्या दृष्टीने सुताची बाब. ताणा पुरेल तितके कापड निघते. पन्हा मात्र विणाई सुरू होण्यापूर्वीच ठरतो. फणीतून ताण्याचे धागे जेवढ्या रुंदीत ओवले, तेवढाच तो मिळतो. मागाहून वाढविता येत नाही. उलट मागावरून उतरलेले कापड थोडे आकसते, म्हणून जाणता विणकर फणीतच तेवढी रुंदी अधिक धरतो.

जुन्या हातमागावर धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलावा लागे. साहजिकच एकट्या विणकराचा पन्हा त्याच्या हातांच्या पल्ल्याबाहेर जात नसे. इंग्लंडात जॉन के याने १७३३ मध्ये दोरीच्या झटक्याने धावणारा धोटा काढला, तेव्हा ही मर्यादा सुटली.

ही अडचण केवळ कारागिराची नव्हे. धोतर नेसले की कापडाची रुंदी अंगावर उभी राहते. कमरेपासून घोट्यापर्यंतचे अंतर पन्ह्यानेच झाकायचे असते. आश्रमात व विजापूर येथे निघणारी खादी प्रारंभी अवघी ३० इंच पन्ह्याची होती, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. महिन्याभरात ४५ इंच पन्ह्याचे धोतर न मिळाल्यास जाडेभरडे आखूड धोतरच नेसू, असे त्यांनी गंगाबेन मजमुदार यांना बजावले. गंगाबेन यांनी मुदतीच्या आतच धोतरजोडी पाठविली.

३० इंच म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटर आणि ४५ इंच म्हणजे सुमारे ११४. कापड घेताना मीटर मोजून घेण्याची दक्षता बहुतेक ग्राहक बाळगतात. पन्ह्यावर टेप क्वचितच लावली जाते. वास्तविक दर मीटरच्या लांबीवर ठरत असल्याने, त्या दरात किती कापड पदरी पडते हे पन्हा मोजल्यावाचून कळत नाही.