तुटक संपर्क आणि संदेशाची खात्रीची पोच

दूरध्वनीवर संदेश निघतेवेळी दोन्ही टोकांमधील मार्ग सलग जोडलेला असतो, असे गृहीत धरण्यात येते. दुर्गम भागात हे गृहीत टिकत नाही. मार्गाचा एक दुवा सकाळी जुळतो, दुसरा सायंकाळी. अशा वेळी वाटेतील प्रत्येक केंद्राने संदेश साठवून ठेवावा व संधी मिळताच पुढे द्यावा, हाच उपाय उरतो.

कर्नाटकातील दोड्डबळ्ळापूर तालुक्यात याचा एक बोलका प्रयोग झाला. 'डाकनेट' नावाच्या या योजनेचे वर्णन पेंटलंड, फ्लेचर व हसन या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केले. सरकारी प्रवासी बसवर बिनतारी यंत्र बसविण्यात आले. बस गावात येताच तेथील संगणकाशी या यंत्राचा आपोआप संपर्क होई आणि जमिनीच्या अभिलेखांसंबंधीची मागणी यंत्रात उतरे. तालुक्याच्या ठिकाणी ती मुख्य संगणकाकडे जाई, आणि उत्तर पुढच्या फेरीने गावी येई. काही मिनिटांच्या अशा एका भेटीत सरासरी सुमारे २० मेगाबाइट माहिती हस्तांतरित होत असे. बसला उशीर झाला की अर्थातच उत्तरालाही उशीर!

परंतु उशीर ही येथील खरी अडचण नव्हे. संदेश वाटेतच नष्ट झाला तर ते कळणार कसे, हा प्रश्न अधिक बिकट आहे. पोचपावतीलाही त्याच बसने परत यावे लागते. ती येईपर्यंत पाठविणाऱ्याने मूळ प्रत पुसून टाकता कामा नये. पावती न आल्यास संदेश पुन्हा धाडावा लागतो. मात्र पहिली प्रत सुखरूप पोचून केवळ पावतीच हरवली असेल, तर एकच अर्ज दोनदा दाखल होण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक संदेशास स्वतंत्र क्रमांक देणे आवश्यक ठरते. आवक-जावक नोंदवही सांभाळणाऱ्या लिपिकास ही युक्ती नवी वाटणार नाही.

साठवणुकीची जागा मर्यादित असल्याने संदेशाची मुदतही ठरवावी लागते. मुदत संपलेला संदेश काढून टाकण्यात येतो. अशा जाळ्यांसाठी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बंडल' नियमावलीत मुदतीबरोबरच 'ताबा' देण्याचीही सोय होती: पुढील केंद्राने जबाबदारी स्वीकारल्याचे कळविले की मागील केंद्र आपली प्रत काढून टाकण्यास मोकळे होई. २०२२ च्या सुधारित नियमावलीत मुदत कायम राहिली. ताब्याची तरतूद मात्र मूळ नियमांतून वगळण्यात आली.