खाणकामगारांचा फुप्फुसविकार : निदानपरिवर्जन हीच चिकित्सा

काही वर्षांपूर्वी इस्लापूर येथील चिकित्सालयात पस्तिशीतील एक रुग्ण श्वासकष्टाची तक्रार घेऊन आला. कास, उरःशूल, बलहानी ही लक्षणे पाहून मी तमकश्वासाचे निदान केले व दोन महिने औषधे दिली. उपशय मिळाला नाही. त्यापूर्वी अन्यत्र त्यास क्षयरोगाची औषधेही दिली गेली होती. थुंकीत जंतू मात्र कधीच आढळले नव्हते. ‘आपण काम काय करता?’ हा प्रश्न मी तिसऱ्या महिन्यात विचारला. तेलंगणातील ग्रॅनाइटच्या खाणीत त्याने 12 वर्षे यंत्राने भोके पाडली होती. क्ष-किरण चित्रात दोन्ही फुप्फुसांच्या ऊर्ध्वभागी बारीक गाठी दिसल्या. तो सिलिकोसिस होता.

हेतू व संप्राप्ती

चरकाचार्यांनी हिक्काश्वासाच्या हेतूंमध्ये रज व धूम यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. सर्वच धूळ मात्र सारखी नसते. मराठवाड्यातील काळ्या पाषाणात मुक्त सिलिका अत्यल्प असते. देगलूर, बिलोली, मुखेड भागातील ग्रॅनाइटमध्ये ती विपुल असते. 5 मायक्रॉनहून सूक्ष्म कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील भक्षक पेशी ते गिळतात, परंतु पचवू शकत नाहीत. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो आणि हे चक्र चालू राहून तंतुमय गाठी बनतात. म्हणूनच काम सोडल्यानंतरही व्याधी वाढू शकतो. वणी, चंद्रपूर भागातील कोळसा खाणींत कोळशाच्या धुळीनेही अशाच प्रकारचा विकार संभवतो.

दूरगामी उपद्रव

सिलिकोसिसच्या रुग्णास क्षयरोगाचा धोका कित्येक पटींनी अधिक असतो. 1997 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकमय सिलिका कर्करोगकारक ठरविली. कालांतराने हृदयाच्या दक्षिण भागावर ताण येतो. मध्य प्रदेशातील अलीराजपूर, झाबुआ, धार येथील आदिवासी गोध्रा परिसरातील स्फटिक दळण्याच्या कारखान्यांत काम करून आले आणि गावी येऊन मृत्यू पावले. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात शासनास दिला. कामासाठी स्थलांतर करणारे आपल्या तालुक्यातील बांधव त्यांच्याहून वेगळे नाहीत.

वैद्यांचे कर्तव्य

1. रुग्णपत्रिकेत व्यवसाय, कामाचे ठिकाण व वर्षे यांची नोंद अवश्य करावी. व्याधी बहुधा 10 वर्षांनंतर प्रकट होतो. अतितीव्र संपर्कात त्याहून लवकरही.
2. संशय येताच क्ष-किरण, श्वसनक्षमता व थुंकी यांची तपासणी करवावी. क्षयरोग सिद्ध असल्यास त्याची औषधे कदापि थांबवू नयेत.
3. हा व्याधी कायद्याने कळविण्याजोगा आहे. पूर्वी 1948 चा कारखाना व 1952 चा खाण अधिनियम यांत तशी तरतूद होती. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही उपचार करणाऱ्या चिकित्सकावर ही जबाबदारी ठेवली आहे.
4. नाकास बांधलेला रुमाल सूक्ष्म कण अडवीत नाही, हे कामगारास समजावून सांगावे. पाणी सोडून भोके पाडणे, धूळ ओढून घेणारी यंत्रणा, योग्य मुखपट्टी व धूम्रपानत्याग हेच खरे उपाय होत.

वासा, यष्टिमधु, पिप्पली यांनी कास व कफ यांना आराम पडतो, बल टिकते. परंतु झालेली गाठ कोणत्याही औषधाने विरघळत नाही. येथे व्याधी याप्य आहे, हे रुग्णास प्रामाणिकपणे सांगावे. ‘दगड पाडून देतो’ अशी हमी देणे वैद्यकीस शोभत नाही.

औषधनिर्माते बंधूंस विनंती

आपल्या चूर्णगृहातही स्फटिक, गैरिक, अभ्रक दळले जाते. तेथे काम करणाऱ्यांच्या तोंडावर काय बांधलेले आहे, पंखा धूळ बाहेर टाकतो की खोलीतच फिरवतो, हे एकदा स्वतः उभे राहून पाहावे. त्यांच्या छातीची वार्षिक तपासणी करवावी.

सुश्रुताचार्यांनी निदानपरिवर्जनास चिकित्सेचे सार म्हटले आहे. ज्या व्याधीस अन्य चिकित्सा नाही, तेथे ते सार हीच संपूर्ण चिकित्सा होय. माझ्या रुग्णास तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता, तर दोन महिन्यांची औषधे वाचली असती. 12 वर्षांपूर्वी कोणी विचारला असता, तर कदाचित त्याचा श्वास वाचला असता.