सामायिक फोल्डरमधली कागदपत्रे कशी जपावी?



आपल्यापैकी अनेक जण वनहक्क दाव्यांच्या कामासाठी प्रार्थना करतात, देणगीही पाठवतात. या खेपेस त्या कामातली आमची एक चूक सांगते. मंडळीच्या कचेरीत, शाळेत, वसतिगृहात, कुठेही ती होऊ शकते.

आमच्याकडे तीन संगणक आहेत. हिशेबाच्या संगणकावरचा एक फोल्डर सर्वांसाठी उघडा ठेवला होता, आणि त्यात पाड्यांवरच्या कुटुंबांचे दावे होते. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण ती जमीन कसतो हे दाखवावे लागते. सातबारा तर त्यांच्या नावावर नसतोच. मग जुनी मतदारयादी, गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब, दंडाची पावती, असे जे मिळेल ते जोडायचे. कधीकाळी अतिक्रमण म्हणून फाडलेली पावतीच आज त्या घराचा आधार होते! कुडाच्या घरात वाळवी आणि पाऊस यांच्या तावडीतून असा कागद वाचवायचा म्हणून आम्ही तो स्कॅन करून ठेवतो.

मागच्या पावसाळ्यात एका नव्या मुलाने आपल्या टेबलावरच्या संगणकावरून नाताळच्या कार्यक्रमाचे जुने फोटो पुसायला घेतले. त्यांच्याबरोबर शेजारचा फोल्डरही निवडला गेला. कायमचे पुसायचे का, असे संगणकाने इंग्रजीत विचारले आणि त्याने होकार दिला. चुकलेच तर रिसायकल बिनमध्ये सापडेल, असे त्याला वाटले. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते.

तसे होत नाही. स्वतःच्या संगणकावरची फाईल पुसली तर ती बिनमध्ये जाते. नेटवर्कवरून दुसऱ्याच्या संगणकावरची पुसली तर ती सहसा थेट जाते. पेनड्राइव्हचेही तसेच.

पुढची चूक माझी. मी घाईघाईने हिशेबाच्या संगणकावर नव्या फाइली उतरवायला लागले. खरे तर त्या क्षणी त्या संगणकावर काहीही लिहू नये. फाईल पुसली जाते तेव्हा आधी फक्त तिची नोंद जाते, मजकूर डिस्कवर पडून असतो. त्यावर दुसरे काही लिहिले गेले की मग तो खरोखर जातो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर जाणकाराला तो काढता येण्याची आशा असते, नव्या एसएसडीवर फारच थोडी.

बरेचसे कागद आम्हांला एका कार्यकर्त्याच्या पेनड्राइव्हवर मिळाले. काही कुटुंबांकडे पुन्हा चालत गेलो. एका म्हाताऱ्या बाबांनी शेजाऱ्याच्या दाव्यासाठी अंगठा देऊन केलेला जबाब मात्र मिळाला नाही, आणि बाबा ईस्टरनंतर वारले होते. मूळ कागद दाव्यासोबत पुढे गेला आहे. त्याच्या नकलेसाठी अर्ज केला आहे, उत्तर यायचे आहे. त्या शेजाऱ्याला हे सांगायला मी स्वतः गेले. ते रागावले नाहीत, त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

त्या मुलाला कोणी बोलू नये असे आम्ही ठरवले. ज्या कपाटाला कुलूपच नव्हते ते उघडल्याबद्दल त्याला काय बोलायचे?

आता कुलूप घातले आहे. दाव्यांचे दोन फोल्डर केले, चालू आणि पूर्ण. पूर्ण झालेले सर्वांना वाचता येतात, पण बदलायचा किंवा पुसायचा अधिकार दोघींनाच आहे. चालू फोल्डरात लिहू द्यायचे पण पुसू द्यायचे नाही, असेही आधी करून पाहिले. जमले नाही. एक्सेल फाईल साठवताना नवी प्रत लिहून जुनी स्वतःच पुसते, त्यामुळे पुसण्याची बंदी घातली की साठवणेच अडते. म्हणून तिथे रोजच्या नकलेवर भिस्त आहे. विंडोजमधली फाईल हिस्टरी सुरू केली, ती ठरवलेल्या फोल्डरांच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर ठेवत जाते. दुसरी एक डिस्क दर शनिवारी भरून पाळकांच्या घरी जाते.

गूगल ड्राइव्ह आहे मग डिस्क कशाला, असे एका देणगीदार बंधूंनी विचारले. ड्राइव्ह चांगलेच आहे. पण संगणकाशी जोडलेल्या फोल्डरातली फाईल इथे पुसली की तिथेही पुसली जाते. तिथल्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, आणि आमच्याकडे काही दावे वर्षभर कोणी उघडत नाही.

नकलेची एकच प्रत, तीही एकाच छपराखाली, ही मिशनच्या कामातली जुनी दुखरी जागा आहे. ११ मार्च १८१२ रोजी बंगालमध्ये सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. छपाईची यंत्रे वाचली, पण विल्यम कॅरींची हस्तलिखिते जळाली. बरीच भाषांतरे त्यांनी पुन्हा केली. अनेक भाषांचा एकत्र कोश मात्र पुन्हा झालाच नाही.

डिस्क घेतली म्हणजे झाले, असेही नाही. दर तिमाहीला आम्ही तिच्यातली कोणतीही एक फाईल परत काढून उघडून पाहतो. पहिल्याच वेळी कळले की कोणीतरी फोल्डरचे नाव बदलले होते, आणि दोन महिने डिस्कवर काहीच उतरत नव्हते. आता फोल्डरच्या नावाची चिठ्ठी संगणकाला चिकटवली आहे, आणि डिस्कची वही वसतिगृहाच्या ताईंकडे असते.