कुंपण आणि शेत

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २१ ते २५, अनुवाद १७:१४-२०, रोमकरांस १३:१-७.

ज्या शेताला कुंपण नाहीं तें मोकाट गुरांचें होतें. आणि जेथें कुंपणच शेत खाऊं लागतें, तेथें धन्यानें दाद मागावी तरी कोणाकडे? राज्यकारभाराविषयीं लोकांत जीं दोन मतें आढळतात त्यांचें मूळ या दोन भयांत आहे. कित्येक म्हणतात, आधीं जीवित व मालमत्ता यांचें रक्षण व्हावें, म्हणून सरकारचा हात बळकट असावा. दुसरे म्हणतात, मनुष्याची मोकळीक गेल्यावर राखावयास उरलें तरी काय? या दोन्ही मतांचे लोक आपल्या मंडळ्यांत शेजारीं शेजारीं बसतात. यास्तव पौलाच्या चरित्रावरून या विषयाचा विचार करूं.

१. रक्षण हें देवाचें दान आहे.

यरुशलेमांत जमावानें पौलाला मंदिराबाहेर ओढून मारावयास आरंभ केला, तेव्हां रोमी पलटणीचा सरदार शिपाई घेऊन धांवला, म्हणून त्याचा प्राण वांचला. पुढें चाळीसांहून अधिक माणसांनीं त्याला ठार मारण्याची शपथ वाहिली. तें पौलाच्या भाच्याला कळलें, आणि पौलानें त्याला सरदाराकडे पाठविलें. त्याच रात्रीं दोनशें शिपाई, सत्तर स्वार व दोनशें भालेकरी यांच्या पहाऱ्यांत पौलाला कैसरियाकडे रवाना करण्यांत आलें. एका बंदिवानासाठीं चारशें सत्तर माणसें! देव मला राखील, शिपाई कशाला, असें पौल म्हणाला नाहीं. अधिकारी हा देवाचा सेवक आहे असें जें त्यानें रोमकरांस लिहिलें होतें, तें येथें त्याच्या अनुभवास आलें. दंगा माजतो तेव्हां पहिला मार दुबळ्यांना बसतो. म्हणून ज्यांची संख्या थोडी त्यांनीं सुव्यवस्थेला क्षुल्लक समजूं नये.

२. राखणदारही कायद्याखालीं आहे.

ज्या सरदारानें पौलाला वांचविलें त्यानेंच फटके मारून त्याची चौकशी करण्याचा हुकूम दिला. तेव्हां दोषी न ठरलेल्या रोमी नागरिकाला फटके मारण्याचा अधिकार तुम्हांस आहे काय, असें पौलानें शताधिपतीला विचारलें. आणि सरदाराला भय वाटलें. उपकारकर्त्यालाही कायद्याची आठवण देणें ही कृतघ्नता नव्हे.

कैसरियास सुभेदार फेलिक्स यानें पैसा मिळेल या आशेनें पौलाला वारंवार बोलाविलें, निकाल मात्र दिला नाहीं. आणि दोन वर्षांनीं त्याला तसाच बंदींत ठेवून तो गेला. शत्रूंपासून पौल सुरक्षित होता, पण त्याचा न्याय झाला नव्हता. अखेर त्यानें कैसराजवळ दाद मागितली. तेव्हां आरोप न कळवितां बंदिवान पाठविणें योग्य नव्हे, असें फेस्त सुभेदारालाही वाटलें.

हेंच तत्त्व अनुवादांत फार पूर्वीं सांगितलें आहे. इस्राएलाच्या राजानें घोडे, स्त्रिया व सोनें-रुपें यांचा फार संचय करूं नये; नियमशास्त्राची नक्कल करून ती जन्मभर वाचावी, म्हणजे भाऊबंदांविषयीं त्याचें मन उन्मत्त होणार नाहीं.

३. आपल्या देशांतील उदाहरण.

भारताच्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमाप्रमाणें, अटक केलेल्या मनुष्याला अटकेचें कारण सांगावें, वकिलाचा सल्ला घेऊं द्यावा, व प्रवासाचा काळ वगळून चोवीस तासांच्या आंत जवळच्या माजिस्ट्रेटापुढें उभें करावें. परंतु त्याच कलमानें प्रतिबंधक स्थानबद्धतेला वाट ठेविली आहे, आणि तशा बंदिवानाला वरील नियम लागू होत नाहींत. २५ वें कलम धर्मस्वातंत्र्य देतें, तेंही सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांस अधीन ठेवून. म्हणजे शेत आणि कुंपण दोन्ही घटनेंत आहेत.

२५ जून १९७५ रोजीं अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी पुकारण्यांत आली. एक लाखाहून अधिक लोक पकडले गेले. त्यांतील हजारों खटल्यावांचून तुरुंगांत राहिले. आगगाड्या वेळेवर धांवतात म्हणून पुष्कळांस समाधानही वाटलें. २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांचांपैकीं चार न्यायाधीशांनीं असा निर्णय दिला कीं, आणीबाणीच्या काळांतील राष्ट्रपतींच्या आदेशामुळें स्थानबद्धाला उच्च न्यायालयांत सुटकेची दाद मागतां येत नाहीं. न्यायमूर्ति हंसराज खन्ना यांनीं एकट्यानें विरुद्ध मत दिलें. जानेवारी १९७७ मध्यें त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायाधीशास सरन्यायाधीश नेमण्यांत आलें, तेव्हां त्यांनीं राजीनामा दिला. मार्च १९७७ मध्यें मतदारांनीं तें सरकार बदललें. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें ठरलें कीं, आणीबाणींतही जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांच्या रक्षणासाठीं न्यायालयाचें दार बंद करतां येणार नाहीं; आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानें आपला १९७६ चा निर्णय चुकीचा ठरविला. एका मनुष्याची साक्ष वायां गेली नाहीं.

४. आपलें कर्तव्य.

गांवांत चोरी किंवा दंगा झाला कीं, ज्याच्यावर संशय येईल त्याला डांबा, अशी हांकाटी होते. अशा वेळीं मंडळीनें तीन गोष्टी विचाराव्या : आरोप काय? मुदत किती? दाद कोठें? आपल्या माणसासाठीं हे प्रश्न कोणीही विचारतो. जो आपल्याला आवडत नाहीं त्याच्यासाठीं ते विचारणें ही प्रीतीची परीक्षा आहे. लोकांनीं आपल्याशीं जसें वागावें असें वाटतें तसें त्यांच्याशीं वागावें, या प्रभूच्या आज्ञेंतून चावडी व कचेरी वगळलेली नाहीं.

आणि मोकळीक मागणाऱ्यानें हेंही ध्यानांत ठेवावें कीं, शेजाऱ्याचें पीक तुडविण्याची मोकळीक पौलानें कधीं मागितली नाहीं. गलतीकरांस तो शिकवितो कीं, स्वातंत्र्य हें प्रीतीनें एकमेकांची सेवा करण्यासाठीं आहे. कुंपण पिकासाठीं असतें. तें किती उंच असावें हें पिकाकडे पाहूनच ठरवावें.

चर्चेसाठीं प्रश्न :

(१) पौलानें सरकारचें साहाय्य केव्हां घेतलें, आणि त्याला कायद्याची आठवण केव्हां दिली?

(२) फेलिक्साच्या पहाऱ्यांत पौलाला काय मिळालें व काय मिळालें नाहीं?

(३) आपल्या गांवांत खटल्यावांचून दोषी ठरविला जाणारा मनुष्य कोण आहे? त्याच्यासाठीं कोण बोलेल?